निकड दिसत नाही

१० एप्रिल १९८३, रविवार. वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्या आणायला आम्ही नवरा-बायको सकाळीच मुंबईला गेलो होतो. दुपारी वाशीच्या बस स्थानकावर उतरलो. यांच्या खांद्यावर मिरच्यांचं पोतं, माझ्या पिशवीत धने आणि खडा मसाला. चार पावलं चालून यांनी पोतं खाली ठेवलं. "जरा थांबू," म्हणाले आणि फलाटाच्या कडेलाच बसले. चेहरा घामाने डबडबलेला, हात छातीवर. मी आडवं करायला गेले तर यांचा श्वास कोंडायला लागला.

वाशी तेव्हा अर्धीमुर्धीच होती. मोजक्या इमारती, मधे गुडघाभर गवताचे प्लॉट, आणि खाडीचा खारा वारा थेट स्वयंपाकघरात. कोणाकडे आज मासळी आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. त्या दुपारी मात्र स्थानकावर ना रिक्षा होती, ना स्ट्रेचर. नियंत्रकांनी केबिनमधून फोन केला. "बाई, अँब्युलन्स खाडीपलीकडून येणार. तास तरी धरा."

स्ट्रेचर का नव्हतं, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. सरकारी निधीतून स्थानकावर प्रथमोपचाराची खोली, एक परिचारिका आणि स्ट्रेचर यांची तरतूद व्हावी, असा प्रस्ताव तीन वर्षं माझ्या टेबलावर येत होता. तिन्ही वेळा टिपणी माझीच : "दुर्घटनेची नोंद नाही. निकड दिसत नाही. दप्तरी दाखल." नोंद करायला तिथे कोणी नव्हतंच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अक्षर मात्र सुरेख होतं.

तेवढ्यात ताशा ऐकू आला. पाडव्याच्या आदल्या रविवारी गावदेवी शेजारच्या गावी बहिणीला भेटायला जायची. तिची वाट जुन्या भातशेतांतून होती. शेतांवर स्थानक झालं, तरी देवीने वाट बदलली नाही. पालखी फलाटांमधून जायची आणि तोवर बस खोळंबायच्या. "हे बंद करायला हवं," असं मी दरवर्षी म्हणत असे.

पालखीपुढे चालणाऱ्या म्हातारीने यांच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. ताशा थांबला.

"देवीआयला उतरवा. या मानसाला बसवा पालखीत."

एक भोई कचरला. "काकी, देवी मदी वाटेत कदी उतरत नाय."

"मंग आज उतरंल. तिची बहिन काय पलून चाललीय?"

देवीचा पितळी मुखवटा उचलून तिने माझ्या हातांत दिला. "बाय, तू धर. आमच्या खांद्यांना काम हाय."

यांना तक्क्याला टेकवून बसवलं. पाय बाहेर लोंबत होते. तशाही अवस्थेत हे पुटपुटले, "मिरच्या..." ते पोतं नियंत्रकांनी केबिनमध्ये घेतलं, नंतर दोन दिवस तिथे सगळे शिंकत होते म्हणे.

दवाखाना मैलभर लांब. मुखवटा उन्हाने तापलेला आणि दोन वर्षांच्या पोराइतका जड. देवापुढे हात जोडायची मला सवय नव्हती. त्या वाटेवर पहिल्यांदा जोडावेसे वाटले, तर मोकळे नव्हते. ती माझ्या कडेवर, हे तिच्या पालखीत. काही मागायचं राहूनच गेलं. मी नुसती पालखीमागे चालत राहिले. कोणी सांभाळायचं, कोणी न्यायचं, हे माझ्या हाती नाही, एवढंच कळत होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याची भीती वाटत नव्हती. शरण जाणं म्हणतात ते हेच असावं.

डॉक्टर म्हणाले, "बसवून आणलंत ते बरं केलंत. आडवं आणलं असतं तर इथवर पोचले नसते." यावर मी काही म्हणत नाही. जे ऐकलं ते लिहिते.

म्हातारी संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. मुखवटा परत देताना मी विचारलं, "देवी रागावली नसेल ना?"

"रागवंल कशाला? किती वर्सांनी कुनी कडेवर घेतली तिला!"

स्थानकावर ती प्रथमोपचाराची खोली पुढे झाली. हेही पुढे अठरा वर्षं माझा मसाला तिखट झाला म्हणून कुरकुरत राहिले. तेवढं तिखट ऐकायला मिळालं, याबद्दल मी त्या माउलीची ऋणी आहे.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. मी तशीच, रात्रीच्याच साडीत, कचेरीत गेले. दप्तरखान्यातून ती फाईल काढली. माझ्या तिन्ही टिपण्या तशाच ठेवल्या; त्या वाचल्या जायला हव्या होत्या. त्यांच्याखाली लिहिलं, "निकड पाहिली. काल देवीला पालखीतून उतरावं लागलं," आणि सही करून फाईल स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.