देवजीदादाने केलेली सोपी वाट

बोईसरच्या बाजारात सातपाटीच्या मावशीशी सुक्या बोंबलांवरून हुज्जत घालत होतो, तेव्हा फोन आला. देवजीदादाचा पुतण्या होता. "सायेब, दादा गेला." पिशवी तिथेच टाकून मी निघालो... मावशी मागून हाका मारत राहिली. त्याला आता महिना होईल.

पालघरच्या पूर्वेला, त्याच्या पाड्यामागे जो डोंगर आहे, त्याची वाट देवजीदादा सांभाळायचा. कुणी नेमलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. दर पावसाळ्यानंतर तो जुन्या वाटेच्या तोंडाशी करवंदीचे काटे टाकून ती बंद करायचा आणि बाजूने नवी पाडायचा. आम्ही कारखान्यातली मंडळी रविवारी चढायला जायचो. पहिल्यांदा वाट सापडेना, तेव्हा मी त्याच्यावरच डाफरलो. तो हसला. "वाट पन थकते, सायेब. दोन वरीस निजू द्यायची तिला." आणि खरंच, दोन वर्षांनी तिथे कमरेएवढं रान उभं असायचं.

माझी मुलगी ऋतुजा लहानपणापासून कुबड्यांवर चालते. दर रविवारी मी घरी आलो की विचारायची, आज काय दिसलं? सांगून सांगून माझाच जीव कासावीस व्हायचा. एकदा दादाला म्हटलं, इथे पायऱ्या आणि कठडा व्हायला हवा. तो नाही म्हणाला. मी भडकलो. "म्हणजे ज्यांना चालता येत नाही, त्यांनी डोंगर बघायचाच नाही का?" पुढच्या रविवारी त्याने ऋतुजाची एक जुनी कुबडी मागून घेतली आणि अख्खा हिवाळा ती टेकवत टेकवत, एकही झाड न तोडता, एक नागमोडी सोपी वाट काढली. ऋतुजा त्या वाटेने अर्ध्या डोंगरावरच्या ऐनाच्या झाडापर्यंत गेली. त्याला टेकून बसली आणि ढसाढसा रडली. दादा म्हणाला, "ताय, ही एकच वाट निजायची नाय. ही तुजी."

मग माझी हौस नडली. मी तिचा तिथला फोटो काढला, चार ग्रुपांवर टाकला, वर लिहिलं, 'डोंगर सर्वांसाठी!' लोक येऊ लागले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, रस्त्यासाठी चढ तर आयता मिळालाय. त्याच वळणांवरून जेसीबी वर गेला. डांबर आलं, गाड्या लावायला सपाटी झाली, ऐन तोडला गेला. त्याआधी रस्त्याच्या बैठकीत दादा विरोध करायला उभा राहिला होता, तर रस्ता करणाऱ्यांनी मी काढलेलाच फोटो समोर धरला. "ही वाट तुम्हीच केली ना? अपंग मुलीसाठीच ना?" तो खाली बसला. मी मागच्या रांगेत होतो. तोंड उघडलं नाही.

आणि कपाळ बघा! रस्ता संपतो तिथे वर जायला उंच, सरळ पायऱ्या केल्यात. ऋतुजाला त्या चढता येत नाहीत. गाडीतून उतरून ती सपाटीवर उभी राहते, समोर वेफर्सची रिकामी पाकिटं आणि भजीची टपरी. रानही गेलं आणि डोंगरही मिळाला नाही. आता यात काही सुधारेल असं मला वाटत नाही. पूर्वी वाटायचं.

बाराव्याला मी आणि ऋतुजा गेलो होतो. त्याची बायको जानकीवहिनी म्हणाली, "शेवटी शेवटी डोंगराकडं पाठ करून बसायचा. पन तुमाला कदी वाईट नाय बोलला."

परतताना ऋतुजा म्हणाली, "बाबा, माझी देवजीकाकांची माफी मागायची राहिली हो."

तिने? तिची काय चूक होती? त्या बैठकीनंतर माफी मागायला मला दोन वर्षं मिळाली होती. त्याच्या अंगणात बसून त्याच्या हातचा कोरा चहा मी किती वेळा प्यालो... आणि दर वेळी हवापाण्याचं बोलून उठलो.