न हलणारा काटा

ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे लेक पुण्याहून नवी स्पोर्ट्स कार घेऊन देऊळघाटला आली, तेव्हा मी रंग पाहिला नाही, शेजारी बसून मीटर पाहिले. ऑइलच्या दाबाला वेगळा काटा होता. बरं वाटलं, कारण हल्ली बहुतेक गाड्यांना नुसता लाल दिवा असतो.

आम्ही नांदुऱ्याला पाहुण्यांकडे निघालो. सकाळी इंजिन थंड होतं तेव्हा काटा मधोमध होता. नांदुऱ्यात पोचलो, इंजिन चांगलं तापलं होतं, तरी तो तिथंच.

"हा काटा खोटा हाय," मी म्हणालो.

"काऊन? बराबर मधात तं हाय."

"म्हणूनच. थंड इंजिनात दाब जास्त असते, तापल्यावर उतरते. हा तं हलूनच नाही राह्यला."

ती हसली. "बाबा, हे ट्रॅक्टर नाही."

माझं मत मात्र बदललं नाही.

परतताना राजूर घाटात एका ट्रकमागे गाडी हळू झाली आणि इंजिनातून बारीक टकटक ऐकू आली. "बाजूले घे, बंद कर," मी म्हणालो. काटा मधोमधच होता, पण तिनं या वेळी वाद घातला नाही. थोडं थांबून मी ऑइल मोजायची पट्टी काढली, तर टोकालाही तेल जेमतेम लागलेलं. प्रवासात तेलाचा डबा सोबत ठेवायची माझी सवय आहे. पण निघण्याआधी ही पट्टी मी पाहिली नव्हती, तो दोष माझाच. तेल ओतलं, टकटक थांबली, सावकाश बुलढाण्याला आलो.

तिथल्या ओळखीच्या मेकॅनिकनं ऑइलच्या दाबाचा सेन्सर काढून दाखवला. साधा स्विच होता. थोडाफार दाब असला की काटा मधात, अगदीच गेला की खाली. "काटा हलला की लोकं घाबरून गाडी परत आणत," तो म्हणाला, "म्हणून कंपनीवाले असा ठेवतेत."

एवढ्या ताकदीचं इंजिन बनवायचं आणि चालवणाऱ्याला त्याची खरी खबर द्यायची नाही, याचा मला राग आला. अजूनही येतो.

मी सेन्सर परत बसवला आणि दोन तोंडांच्या जोडावर त्याच्या शेजारीच माझ्या हत्यारांच्या पेटीतला जुना प्रेशर मीटर लावला. तोवर इंजिन थंड झालं होतं. गाडी सुरू केली तसा दाब चार किलोवर गेला, आणि इंजिन तापत गेलं तसा सावकाश दीडवर उतरला. लेक वाकून पाहत होती. डॅशबोर्डावरचा काटा जागचा हलला नव्हता.

"हाच खराखुरा मीटर मले बसवून द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो स्टिअरिंगशेजारी बसवला. आठवड्यानं पुण्याहून तिचा फोन आला.

"बाबा, सिग्नलवर तुमच्या मीटरचा काटा खाली येऊन राह्यला."

"गाडी निघाली की चढते?"

"हाव."

"मग काटा खरा हाय. निवांत चालव."