मिस्त्रींचं गॅरेज आणि आमची साफसफाई

मिस्त्रींच्या हातून दुरुस्त झालेली वस्तू लांबून ओळखू यायची, कारण केलेला जोड ते कधी झाकत नसत. आमच्या काळपट सागवानी खुर्चीला त्यांनी पांढऱ्याफटक देवदाराचा पाय बसवला, तेव्हा आई म्हणाली, "अहो मिस्त्री, निदान पॉलिश तरी फिरवा." तर म्हणाले, "जोड दिसाक व्हयो, वैनी. लपवलेलो जोड कधी सुटलो तां कळणा नाय." आणि खुर्ची तशीच ठेवून निघून गेले.

डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या मागे एक मोटारगॅरेज होतं. मालकाची गाडी केव्हाच विकली गेली होती, म्हणून मिस्त्रींनी ते भाड्याने घेतलं. गिरणीत ते फिटर. पहिली पाळी संपली की दोन घास खाऊन गॅरेजात. तिथे एक बाकडं, त्याला ठोकलेला, वस्तू घट्ट पकडून ठेवायचा लोखंडी शेगडा, चार कानशी, रंधा, करवत. कोणाचा पाळणा, कोणाचा स्टोव्ह, कोणाच्या पेटीचा भाता. पैसे विचारले की रागवायचे. "गिरणीत सायबाच्या मनासारख्या करतंय, हंय माज्या," एवढंच म्हणायचे. त्यांची बायको म्हणायची, माझी सवत पत्र्याच्या दाराची आहे. पण चहा तीच नेऊन द्यायची.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्च्याच्या फलकांच्या काठ्या मिस्त्री तासून द्यायचे, एकेका काठीवरून तळहात फिरवून बघायचे. घोषणा देताना कोणाच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून. मोडून आलेली काठी तारेने बांधून पुन्हा मोर्च्याला पाठवायचे. आम्ही पोरंटोरं नव्हतो, नोकरीधंद्याला लागलेली माणसं होतो, तरी चार माणसं एकत्र आली की काहीही जिंकता येतं असं आम्हाला तेव्हा वाटायचं.

मग मालकाची नोटीस आली. गाडी ठेवायला दिलेल्या जागेत कारखाना चालवता, जागा खाली करा. पुढे कोर्ट. मी गिरगावात एका वकिलांकडे कारकून होतो, म्हणून मिस्त्री मलाच "काय रे वकिला" म्हणत. आमच्या वकिलांनी कागद वाचले आणि म्हणाले, "मालकाने इतकी वर्षं हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. धंदा नाही, हौसेचं काम आहे. भाडेकरूला तेवढा हक्क आहे. कोर्टाचा कमिशनर पाहणीला येईल, त्याला सगळं आहे तसं दाखवा. एका माणसाचं बाकडं म्हणजे कारखाना नव्हे, हे त्यालाही दिसेल."

मला मात्र धीर निघाला नाही. कानशी दिसल्या की खलास, असं माझ्या डोक्यात बसलं. पाहणीच्या आदल्या दिवशी मी अख्खी चाळ कामाला लावली. शेगडा चौघांनी उचलून माझ्या खाटेखाली आणला, रंधा कोणाच्या तांदळाच्या डब्यात गेला. भुसा झाडला, भिंतींना चुना काढला, बायकांनी दाराशी रांगोळी घातली. मिस्त्री पाळीवरून आले आणि दारातच थांबले.

"आसा तां दाखवया ना रे," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो मिस्त्री, कायदा मला कळतो," मी म्हणालो. वर हेही पढवलं की, विचारलं तर काही करत नाही म्हणून सांगा.

कमिशनर आला. रिकाम्या गॅरेजात उभा राहून त्याने विचारलं, "इथे काय करता तुम्ही?" मिस्त्रींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "काय नाय."

त्याने ते लिहून घेतलं. पुढच्या तारखेला मालकाच्या वकिलाने कारखान्याचा विषयच सोडून दिला. जागा वापरातच नाही, भाडेकरू स्वतः तसं म्हणतो, मग त्याला ती हवी कशाला? सहा महिने वापरात नसलेली जागा मालकाला परत मागता येते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. जागा गेली. निकाल ऐकताना मला रडू आलं नाही, रागही आला नाही. माझ्याऐवजी दुसराच कोणी तिथे उभा असल्यासारखं वाटत होतं. ते अजून तसंच आहे.

मिस्त्री मला एका शब्दाने बोलले नाहीत. मेल्या, तुझ्यामुळे, एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. शेगडा त्यांनी परत नेला नाही. ठेवणार कुठे? दुपारी गॅलरीत बसायचे, दोन्ही हात मांडीवर उपडे. बायकोने मोडकं काही पुढे ठेवलं तर हलकेच बाजूला सारायचे.

राज्य झालं त्या दिवशी चाळीला तोरणं होती, ढोल वाजत होते. सगळे खाली होते. मी पेढा घेऊन वर गेलो. माफी मागायचीच, असं ठरवून गेलो होतो. मिस्त्री गॅलरीत, समोर गॅरेजच्या दाराला मालकाचं कुलूप. तोंडाला आलं ते भलतंच.

"काय करताय मिस्त्री, एकटेच?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कमिशनरसमोर पाहिलं होतं तसंच.

"काय नाय."

पेढा त्यांच्या हातात ठेवून मी खाली आलो. पुढे ते गावी गेले, तिकडेच वारले. देवदाराच्या पायाची खुर्ची अजून माझ्याकडे आहे. जोड सुटलेला नाही. मी तिच्यावर बसत नाही.