देव जमिनीवर ठेवला तो दिवस

घर दाखवायचं म्हणून साऊ थोआनं सगळी आवराआवर केली आणि सगळ्यात शेवटी देवाला फळीवरून खाली उतरवलं.

आमच्या सायगॉनमध्ये जमिनीचा देव जमिनीवरच बसतो, दाराकडे तोंड करून, ढेरी सोडून, हातात पंखा घेऊन. ओंग दिआ म्हणतात त्याला. घरात कोण आलं, कोण गेलं हे बघणं त्याचं काम, आणि त्याबद्दल त्याला केळी, काळी कॉफी आणि अधूनमधून पेटवलेली सिगारेट मिळते. पण कालव्यामागच्या आमच्या गल्लीत त्याची पंचाईत होती. पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती आली की कालव्याचं पाणी गटारांतून उलटं फिरायचं आणि घराघरांत शिरायचं. त्यावर उपाय म्हणून सरकार दर काही वर्षांनी रस्ता उंच करायचं, घरं मात्र जिथल्या तिथं. थोआ नवरी होऊन आली तेव्हा दोन पायऱ्या चढून घरात शिरली होती. आता त्याच घरात एक पायरी उतरून जावं लागायचं. म्हणून तिचा देव शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर बसायचा. त्याला त्याचं वाईट वाटत असलं तरी त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

साऊ म्हणजे सहावी. भावंडांतल्या नंबरावरून हाक मारायची आमच्याकडे रीत आहे. ही सहावी बाई गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे कपडे शिवायची आणि ते घालून पडणाऱ्या पोरांना शिव्याही द्यायची. तिचा नवरा किएत पूर्वी मालाच्या होड्या चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जिना शिडीसारखा उभा, त्याला वर न्यायची सोय नाही, म्हणून त्याची खाट खालीच, चार विटांवर. पाणी आलं की तो छताकडे बघत जड जिभेनं म्हणायचा, "वर... वर ने." थोआ खाटेशेजारी स्टूल घेऊन, पाण्यात पाय सोडून, ओहोटी लागेपर्यंत बसून राहायची. दुसरं करणार काय? घर विकायचं आणि किएतला घेऊन लेकीच्या गावी जायचं, वर रबराच्या मळ्यांकडे, जिथं पाणी विहिरीतच राहतं, एवढी एकच गोष्ट तिला आता हवी होती.

दलाल तोंग हा गल्लीतलाच पोरगा, जिभेनं चांगला तयार.

"साऊ मावशी, भिंतीवरची ती पाण्याची रेघ रंगवून टाका. फ्रीज विटांवरून खाली घ्या, खाटही. आणि काका..."

"काका काय?"

"आजारी माणूस दिसला की गिऱ्हाईक जिन्यापर्यंतसुद्धा येत नाही. दोन तास शेजारी ठेवा."

"खुर्ची आहे का तो, शेजारी ठेवायला?"

"मग राहा इथंच, होडी घ्या एक."

थोआची नजर भिंतीवरच्या बटणांकडे गेली. मग तिनं विचारलं, "दिव्याची बटणं एवढी उंच का, असं म्हणाले तर?"

"लहान मुलं हात लावतात म्हणून."

"माझी पोर लग्न होऊन गेली."

"मग तेव्हाची आहेत म्हणा! आणि देव खाली घ्या. फळीवरचा ओंग दिआ बघून शेंबडं पोरही ओळखेल."

तोंग गिऱ्हाईक आणायचा ते चंद्र अर्धा असताना, भरती लहान असते तेव्हा. पण हे गिऱ्हाईक हट्टी निघालं. नवरा-बायको तरुण, पण घर बघायचं ते शुभ दिवशी, पौर्णिमेलाच, असा नवऱ्याच्या आईचा हेका. तोंगनं हिशेब घातला: लोक सकाळी येणार, पाणी संध्याकाळी येणार, मध्ये दिवसभर जागा आहे.

पौर्णिमेला सकाळी शेजाऱ्यांनी किएतला खुर्चीसकट उचलून आपल्या उंच जोत्याच्या घरात नेलं. थोआनं लादी पुसली, केवड्याची पानं उकळून घरभर वास केला, मोरीच्या भोकात चिंधी कोंबली. देवाला जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, "थोडा वेळ बस बाबा. लोक गेले की उचलते."

सकाळ गेली. दुपार झाली. गिऱ्हाइकाची म्हातारी आई आधी देवळात गेली, मग पुलावर गाड्या तुंबल्या. थोआ दारातून गटाराच्या जाळीकडे बघून येत होती. उन्हं कलल्यावर जाळीतून पहिले बुडबुडे आले आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी तोंगचा आवाज ऐकू आला.

"या, या! बघा, गल्ली कशी शांत आहे."

मुलगा विन्ह आणि सून त्राम तोंगबरोबर तडक जिना चढून गेली. म्हातारी मुओई आजी मात्र खालीच खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळायला लागली.

"माझ्यानं जिना चढवत नाही गं. हे गुडघे म्हणजे नुसती शिक्षा. ही खाट कुणाची?"

"पाहुण्यांची," थोआ म्हणाली. तिचं लक्ष मोरीकडे होतं. चिंधी ओली दिसत होती.

"जागा झकास आहे. मी माझी खाट इथंच लावीन. रात्री झोप लागत नाही मला, देवाशी बोलत पडेन." म्हातारी कष्टानं वाकली, पिशवीतून सिगारेट काढली, पेटवून ओंग दिआपुढे ठेवली. "याचा चेहरा आवडला मला. लबाड वाटत नाही."

थोआनं आजीला लिंबाचं सरबत दिलं. वरून हसणं ऐकू येत होतं. गच्चीत कपडे कुठं वाळत घालायचे, हे त्राम आतापासूनच ठरवत होती. मोरीच्या दाराखालून बोटभर रुंदीचं पाणी बाहेर आलं, फ्रीजच्या कडेनं वळलं आणि सावकाश पुढं निघालं. म्हातारीची पाठ तिकडं होती.

तोंग आधी खाली उतरला. पाणी बघून त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"आजी, चला चला! घर पसंत आहे सगळ्यांना. कोपऱ्यावर कॉफी घेऊ आणि तिथंच विसार देऊन टाकू. मावशी, तुम्हीही चला, दार मी लावतो." आणि थोआकडे बघून त्यानं डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता, ताबडतोब.

मागोमाग उतरलेला विन्ह आईला उठवायला पुढं झाला. उंबरठ्यावर वीतभर सिमेंट चढवलेलं होतं, बाहेरचं पाणी अजून त्याच्या पलीकडेच होतं. दहा पावलं टाकली की सगळे बाहेर. कुणाला काही कळणार नव्हतं. किएत दोन महिन्यांत रबराच्या मळ्याजवळ कोरड्या जमिनीवर झोपला असता.

पाणी देवाच्या पाटाला लागलं.

उठताना म्हातारीनं खाटेच्या कडेला हात टेकला आणि "आई गं" म्हणाली. थोआही रोज तिथंच हात टेकून उठायची, तसंच म्हणायची. तिच्यानं ते बघवलं नाही. ती खाली वाकली आणि देवाला पाटासकट उचलून छातीशी धरलं.

"आजी," ती म्हणाली, "खाट इथं लावू नका."

सगळ्यांनी आधी तिच्याकडे आणि मग लादीकडे बघितलं.

"हे काय आहे?" विन्ह ओरडला. "तुम्ही फसवत होतात आम्हाला?"

"हो," थोआ म्हणाली.

"किती येतं?" म्हातारीनं विचारलं. थोआचे हात अडकलेले होते, तिनं पायानं मशीनचं पायडल दाखवलं. "आज इथवर. वर्षाच्या शेवटी याहून वर."

म्हातारी खाटेकडे बघत राहिली. "ही पाहुण्यांची नाही ना?"

"नवऱ्याची. त्याला चालता येत नाही."

सुनेचा हात धरून म्हातारीनं चपला काढल्या आणि पाण्यातून, एकेक पाऊल जपून टाकत, ती उंबरठ्यापलीकडे गेली.

तोंग मागं राहिला होता. "वाचवलात देव," तो म्हणाला. "आता त्यालाच विका घर." आणि दार आपटून गेला.

दिवेलागणीला शेजाऱ्यांनी किएतला परत आणलं, तोवर पाणी घोट्याच्या वर चढलं होतं. चौघांनी खाट पुन्हा विटांवर चढवली. ते गेल्यावर किएतनं फळीवर बसलेल्या ओंग दिआकडे बघितलं.

"विकलं?"

"नाही."

"पाणी दिसलं त्यांना?"

"मीच दाखवलं." तिनं त्याला सगळं सांगितलं: म्हातारी, तिचे गुडघे, तिची सिगारेट. तो ऐकत होता. एरवी त्याचे शब्द तोंडातच अडकायचे, पण या वेळी दोन शब्द स्पष्ट आले.

"आणि मी?"

थोआनं मच्छरदाणीचं पाण्यात लोंबणारं टोक पिळून वर खोचलं, स्टूल ओढलं आणि पाण्यात पाय सोडून त्याच्याजवळ बसली.