ठिपका वर चढला

निवडणूक आली की नवऱ्याची रायफल पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागले की घरी परत येते. परवाना असलेल्या सगळ्यांचंच असं असतं. परत येते तेव्हा तिच्यावरची दुर्बीण हमखास कुठेतरी आपटलेली असते. मग ती सरळ करायचं काम निघतं आणि मला भिंतीपाशी उभं राहावं लागतं. अभनपूरकडे शेत होतं तेव्हा डुकरं हाकायला ही रायफल घेतली होती. शेत गेलं, रायफल राहिली. तिच्या गोळीने एकही डुक्कर मेलं नाही, हे इथे सांगून टाकते.

या वेळी मुलाने लेझर आणून दिला. गोळीएवढं पितळी नळकांडं. नळीत गोळी बसते त्या जागी ते बसवायचं. नळी जिकडे रोखलेली असेल तिकडे लाल ठिपका पडतो. मग दुर्बिणीतून बघत स्क्रू फिरवायचे आणि आतली फुली त्या ठिपक्यावर आणायची. एकही गोळी झाडावी लागत नाही.

आमचं घर सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत. रुंदीला कमी, लांबीला भरपूर. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर एका रेषेत. दारं उघडी टाकली की बैठकीतून थेट माझ्या ओट्यामागची भिंत दिसते. त्या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याने तळघरासाठी मोठा खड्डा खणला होता. त्यातलं पाणी उपसायचा पंप दिवसभर चालायचा. मागचं दार तेव्हापासून चौकटीत अडकायला लागलं होतं.

मुलगा शहरातच, तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये राहतो. दर रविवारी यायचा, भिंतीला हात लावायचा आणि म्हणायचा, "बाबा, ये दीवार भरोसे की नहीं है. चलो मेरे यहाँ."

"तुह्या त्या डब्यात? भिंत माह्या बापानं बांधली आहे."

"आणि उभी मी राहते तिच्यासमोर," मी म्हणायची.

"दाराचं लाकूड फुगलं आहे. तुले भिंतीतलं काय समजते?"

मिस्त्री बोलावला, त्यानेही सांगितलं की राहू नका. नवऱ्याने त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं. दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून मी उभी, आणि निर्णय बैठकीत बसलेल्या माणसाचा. असं चाललं होतं.

ठिपका उन्हात नीट दिसत नाही, म्हणून दिवेलागणीला काम सुरू केलं. बैठकीतल्या जड टेबलावर लोखंडी स्टँड, त्यात रायफल आवळलेली. घरातले दिवे बंद. मी पेन्सिल घेऊन ओट्यापाशी गेले. ठिपका आधी माझ्या खांद्यावर आला. मी बाजूला झाले, तो भिंतीवर गेला. ऊन नाही, गार नाही, काहीच लागत नाही. तरी आपल्या अंगावर काहीतरी टेकलं होतं असं वाटत राहतं.

"खूण कर," बैठकीतून आवाज आला.

मी ठिपक्यावर पेन्सिलने बारीक खूण केली. माझं बोट लाल झालं.

"दुर्बिणीतून केवढं दिसून राहिलं तुहं बोट! नखं काप ना."

"मग तुम्ही या इकडे आणि तुमचं बोट लावा."

त्याने नळकांडं नळीतल्या नळीत फिरवून पाहिलं. लेझर स्वतःच वाकडा असला तर फिरवल्यावर ठिपकाही भिंतीवर गोल फिरतो. हा जागचा हलला नाही. मग त्याने स्क्रू फिरवत दुर्बिणीतली फुली ठिपक्यावर आणली. स्क्रू रात्रीतून ढिले पडतात की काय ते दुसऱ्या दिवशी बघायचं म्हणून रायफल स्टँडवरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला लेझर पेटवला. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. भिंतीकडे बघितलं तर ठिपका माझ्या खुणेच्या वर होता, अंगठाभर.

"तू खूण पुसून दुसरी केली का?"

"काहून करीन? मले दुसरा धंदा नाही?"

त्याने दुर्बिणीला डोळा लावला. आतली फुली ठिपक्यावरच होती. दुर्बीण ढिली पडली असती तर फुलीने ठिपका सोडला असता. नळकांडं फिरवलं, ठिपका तिथेच. स्टँडवर पातळी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा असतो, तो कालच्यासारखाच मधोमध. फरशी खचली की काय म्हणून टेबलाच्या पायाशी बसून त्याने तिच्यावरून हात फिरवला.

मी खुणेकडे बघत उभी राहिले. घड्याळाचा लहान काटा सरकताना दिसत नाही, तसंच ते होतं. दिसत काही नव्हतं, पण मघाशी खूण जिथे होती तिथे आता नव्हती. ठिपका खिळ्यासारखा स्थिर. खूण त्याच्यापासून खाली खाली जात होती. मांडणीवरचे पेले आपोआप किणकिणले. गॅसमागून वाळूची बारीक धार ओट्यावर पडायला लागली. आवाज तेवढाच.

"ठिपका नाही चढून राहिला," नवरा म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "भिंत खाली चालली आहे."

पोराचं ऐकलं नाही, मिस्त्रीचं ऐकलं नाही, माझं तर जन्मात ऐकलं नाही. रायफलचं ऐकलं.

"बाहेर ये. आत्ता."

मी गॅस बंद केला. पंप अजून चालू होता. पंप चालू म्हणजे खड्ड्यात पंपवाला असणार. मी खड्ड्याकडची खिडकी उघडायला गेले, ती निघेना. दोन्ही हातांनी ढकलली.

"अवो, इकडे ये आधी!" नवरा मधल्या खोलीपर्यंत आला होता.

"खाली माणूस आहे!"

खिडकी उघडली. खाली अंधारात विडी चमकत होती.

"का होगे दाई?"

"निकल उहाँ ले! दीवार गिरत हे!"

"हव," तो म्हणाला आणि शिडी धरली. इतका शांत, की मला त्याचा राग आला.

नवऱ्याने माझं मनगट पकडून मला ओढत नेलं. आम्ही गल्लीत येऊन उभे राहिलो, तो बनियनवर, मी अनवाणी. रायफल आतच. तिच्याकडे त्याने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. दारं सगळी उघडी होती, त्यामुळे घर आरपार दिसत होतं, आणि शेवटी तो लाल ठिपका. त्याच्याखाली माझी खूण आता इतक्या लांबून दिसत नव्हती.

मग ठिपका नाहीसा झाला. धप्प असा आवाज नंतर आला, आधी ठिपका गेला. पंप बंद पडला. धूळ मधल्या खोलीतून आमच्याकडे आली, आणि त्या धुळीत, टेबलापासून जिथे भिंत होती तिथपर्यंत आणि तिच्याही पुढे, एक सरळ लाल रेघ दिसली. आतापर्यंत आम्ही तिचं टोक तेवढं पाहिलं होतं.

"बंद करून येतो," नवरा म्हणाला. मी त्याचं बनियन धरून ठेवलं.

धूळ खाली बसू लागली तशी रेघ विरली. खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर, रस्त्याच्या दिव्याखाली, पंपवाला उभा होता. ठिपका त्याच्या छातीवर होता. त्याने मान खाली घालून पाहिलं, हाताने झटकला. निघेना. पुन्हा झटकला.