जोतिबाचा घाट आणि तांब्याभर दूध

आज सकाळी जोतिबाच्या डोंगरावरच्या शर्यतीत एकवीस किलोमीटर पळून आले. पाय अजून थरथरताहेत, पण मन एकदम हलकं झालंय, म्हणून तुम्हाला सांगतेय.

मुलीनं रस्त्यावर पळायचं, हे माझ्या वडिलांना, आबांना, कधी पटलं नव्हतं. आज मात्र पहाटे त्यांनी म्हशीची धार काढली आणि कोमट दुधाचा तांब्या सरळ माझ्या हातात दिला. "पी सगळं. पैलवान दुधावरच घडतोय." पळण्याआधी पोट हलकं ठेवायचं, हे मला माहीत होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी तांब्या रिकामा केला.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर सगळं बाहेर आलं. मागं राहिलेल्यांना उचलणारी गाडी शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हर काका म्हणाले, "बस की गं पोरी आता." घरातली पहिली ग्रॅज्युएट पहिल्याच शर्यतीत गाडीतून वर जाणार, या विचारानं रडूच आलं. "न्हाय बसणार," म्हणाले आणि कधी चालत, कधी पळत निघाले. वेळ संपायला चार मिनिटं असताना पोहोचले!

आबा मोटरसायकलवरून आधीच वर आले होते. मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, दुखावतील.

"मग सकाळीच नको म्हणायचं की! मला पळण्यातलं काय कळतंय व्हय? शिकलीस कशाला मग?"

आम्ही दोघंही हसत सुटलो. कॉलेजात कुणासमोरही बोलणारी मी, घरच्या मायेला 'नको' म्हणायला घाबरत होते. तुम्हाला जमतं का हो ते?