चालत जाण्याजोगं बेट

दोन हजार सोळात तेलाचे भाव पडले होते आणि नवऱ्याच्या कंपनीने बायकामुलांचा खर्च उचलणं बंद केलं. म्हणजे मी आणि लेक रत्नागिरीला परत, आणि नवरा इथेच मस्कतला, एका खोलीत चौघांबरोबर. विमान पुढच्या शनिवारी होतं. अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींनी माझ्यासाठी निरोपाची बोटसहल ठरवली. निरोप माझा, पण कुठे जायचं ते ठरवायला समिती बसली.

बेटं दोन. सवादी, किनाऱ्याला खेटून. आणि दिमानियत, पार आत समुद्रात, जिथे कासवं दिसतात. मला दिमानियतच हवं होतं. अल हैलला मैत्रिणीच्या गच्चीवरून स्वच्छ हवेत त्याची पुसट रेघ दिसायची. इतकी वर्षं मी इथला समुद्र गाडीच्या काचेतून पाहिला होता. जाण्याआधी एकदा आतपर्यंत जायचं होतं.

समितीने व्हॉट्सअ‍ॅपवर यथेच्छ काथ्याकूट केला. दिमानियतला सावली नाही. संडास नाही. परवाना लागतो. कुणाला बोट लागली तर? एकाने विचारलं, तिथे वडे तळता येतील का? अध्यक्षपदी आमच्या वरच्या मजल्यावरचे काका होते. ऑफिसात अर्बाबपुढे, म्हणजे अरब मालकापुढे, ते मान वर करत नसत, त्यामुळे सगळा अधिकार ग्रुपवर गाजवत. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "वहिनी, तुमची सहल. बोला, कुठे?"

आता आमच्याकडे बाईने पहिल्या फटक्यात "मला अमुकच हवं" म्हणायचं नसतं. आधी "कुठेही चालेल" म्हणायचं, मग समोरच्याने "छे छे, सांगाच" म्हणायचं, आणि दुसऱ्या आग्रहाला खरं बोलायचं. मी रीतसर लिहिलं, "कुठेही चालेल."

काकांनी दुसरा आग्रह केलाच नाही. "वहिनींची संमती मिळाली. सवादी फायनल!" खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा माझ्या नवऱ्याचा होता. ज्या माणसाने गच्चीवरची ती रेघ माझ्याकडून शंभरदा ऐकली होती, त्याचा. मला तो फार लागला.

विमानाला आठवडा असताना, शुक्रवारी आम्ही लाइफ जॅकेटं चढवून, वड्यांचं सारण नि स्टोव्ह घेऊन बोटीत बसलो. "गणपती बाप्पा" म्हटलं, आणि "मोरया" म्हणेपर्यंत सवादी आलं. मग भेंड्या, वडे, फोटो. दुपारी ओहोटी लागली आणि समोरच्या किनाऱ्यावरून एक ओमानी कुटुंब हातात चहाचा थर्मास घेऊन चालत आलं. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होतं. त्यांच्या लहान मुलाने आमच्या जॅकेटांकडे टक लावून पाहिलं.

बोटवाला म्हणाला, "पानी उतर रहा है. मैं बोट निकालता, आप लोग पैदल आओ. खलास."

काका चिडले. "बोट पूरे दिन का बोला था!"

"पूरे दिन का है ना?" मी मध्येच म्हणाले. "तो दिमानियत ले चलो."

बोटवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "उतरने का परमिट नहीं. खाली चक्कर मारेगा."

"मारो."

"यल्ला, चलो," तो म्हणाला.

"अगं, आत्ता? चहा टाकलाय!" नवरा ओरडला. मी बोटीत चढलेसुद्धा होते. मागून लेक पाण्यातून धावत आली, "आई, वेट! मी पण येते!"

वाटेत लेकीला बोट लागली. समितीचं तेवढं खरं निघालं. दिमानियत म्हणजे उघडाबोडका खडक आणि पांढऱ्या वाळूची पट्टी. बोटवाल्याने इंजिन बंद केलं. बोटीच्या अगदी जवळ एक कासव वर आलं, त्याने श्वास घेतला, आणि सावकाश खाली गेलं. मला रडू फुटलं. लेकीसमोर, परक्या माणसासमोर मी मोठ्याने रडले आणि मला फार बरं वाटलं.

परतलो तेव्हा मंडळी पार्किंगमध्ये ताटकळत उभी होती.

"दिसलं कासव?" नवऱ्याने विचारलं.

"दिसलं."

"फोटो?"

"नाही काढला."

"मग एवढं जाऊन उपयोग काय?"

त्याला समजावायला माझ्याकडे एक आठवडा होता. तो मी बॅगा भरण्यात घालवला.